बोटवाल्यांची बाजू मांडायची आहे, पण कशी?

वाचकाचं पत्र

आम्ही नॉर्विचला राहतो. काही वर्षांपूर्वी शिडाची एक जुनी बोट घेतली, ती हिकलिंग ब्रॉड या नॉरफोकमधल्या उथळ तळ्यावर ठेवतो. आमच्या सेलिंग क्लबात साठेक खासगी बोटी आहेत. बोटीचा वर्षाचा टोल वाढतोय, उन्हाळ्यात पाणवनस्पतींत सेंटरबोर्ड (बोटीच्या तळातून पाण्यात सोडायची फळी) अडकतो, कडेचा गाळ वर येत चाललाय आणि रात्री बोट बांधायची आमची एक नेहमीची जागा बंद झाली. क्लबनं मला पुढे केलंय : ‘ब्रॉड्स अथॉरिटीपुढे आपली बाजू तू मांड.’ ही अथॉरिटी म्हणजे ब्रॉड्सचा, नॉरफोक-सफोकमधल्या या तळ्या-नद्यांच्या प्रदेशाचा, कारभार पाहणारी संस्था. काही सभासद म्हणतात की सगळा कारभार निसर्गवाल्यांच्या हातात गेलाय, त्यांच्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढू. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही. अथॉरिटीला नौकानयनाबाबत सल्ला देणाऱ्या नेव्हिगेशन कमिटीसाठी अर्ज करावा का? – एक वाचक, नॉर्विच

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला पटलं नाही तेच बरोबर आहे. सह्यांची मोहीम तूर्त बाजूला ठेवा. ‘निसर्गाविरुद्ध बोटी’ असा सामना तुम्ही स्वतःहून मांडलात, तर कायद्यानं तुमच्या हातात दिलेलं सगळ्यात भक्कम हत्यार तुम्हीच टाकून द्याल.

ते हत्यार म्हणजे 1988 चा ‘नॉरफोक अँड सफोक ब्रॉड्स ॲक्ट’. या कायद्यानं अथॉरिटीला तीन उद्दिष्टं दिली आहेत : निसर्गसौंदर्य, वन्यजीव आणि सांस्कृतिक वारसा जपणं, लोकांना या प्रदेशाचा आनंद घेता यावा, तो समजावा यासाठी संधी वाढवणं, आणि नौकानयनाच्या हिताचं रक्षण करणं. इंग्लंडमधल्या इतर राष्ट्रीय उद्यानांना तिसरं उद्दिष्ट नाही. शिवाय तिथे ‘सँडफर्ड तत्त्व’ लागू असतं. 1974 मध्ये एका समितीनं सुचवलेलं हे तत्त्व 1995 च्या पर्यावरण कायद्यात आलं. निसर्गसंवर्धन आणि लोकांचा वापर यांत तडजोड होईना, तर संवर्धनाला जास्त वजन द्यायचं, असं ते सांगतं. ब्रॉड्सना ते लागू नाही. इथे तिन्ही उद्दिष्टांमधला तोल अथॉरिटीनं स्वतः साधायचा असतो. 2015 मध्ये अथॉरिटीनं ‘ब्रॉड्स नॅशनल पार्क’ हे नाव प्रचारात वापरायचं ठरवलं, तेव्हा बोटवाले धास्तावले ते यामुळेच : नावामागून सँडफर्डही येईल की काय? 2016 मध्ये उच्च न्यायालयानं त्या निर्णयाविरुद्धचा दावा फेटाळला. नाव राहिलं, पण कायद्यातली तीन उद्दिष्टं जशीच्या तशी आहेत. सभासदांना हे एकदा नीट समजावून सांगा, निम्मी भीती ओसरेल.

उरलेली निम्मी मात्र खरी आहे. तिन्ही उद्दिष्टं समान म्हणजे तुमचं प्रत्येक म्हणणं मान्य होईल, असं नाही. कायद्याचं दहावं कलम सांगतं की अथॉरिटीनं जलमार्ग नौकानयनासाठी ‘वाजवी गरजेपुरता’ चांगल्या स्थितीत ठेवायचा, आणि वाजवी किती हे अथॉरिटीनंच ठरवायचं. त्यात हिकलिंग हे विशेष वैज्ञानिक महत्त्वाचं क्षेत्र आहे, रामसर पाणथळ आहे आणि 2017 च्या अधिवास संरक्षण नियमांखालीही येतं. तिथे गाळ उपसायचा किंवा वनस्पती कापायच्या तर ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी निसर्गसंवर्धन संस्थेचं मत घ्यावंच लागतं, आणि त्या नियमांपुढे तीन उद्दिष्टांची समानता कामाला येत नाही. म्हणून ‘आम्हाला हक्क आहे’ एवढं म्हणून हिकलिंगवर काही हलणार नाही. अमुक ठिकाणी, अमुक पातळीला, पाण्याखाली इतकं बूड असलेली बोट तळाला टेकते, आणि हे काम अमुक महिन्यांत केलं तर अधिवासाला धक्का लागत नाही, इतकं नेमकं बोलावं लागेल.

त्याआधी एक घरचं काम. तुम्ही नक्की कोणाच्या वतीनं बोलताय? साठ बोटींचा क्लब म्हणजे एक मत नव्हे. शिडाच्या बोटीला खोली हवी, वारा हवा, उघडणारा पूल हवा. मोटरक्रूझरवाल्याला रात्रीची जागा आणि कमी टोल हवा. कयाकवाल्याला बोट उतरवायची सोय पुरते, ड्रेजिंगशी, म्हणजे गाळ उपसण्याशी, त्याला देणंघेणं नाही. एक पानी तक्ता करून सगळ्यांना पाठवा : बोटीची लांबी, रुंदी, पाण्याखालचं बूड, पाण्यावरची उंची डोलकाठी उभी असताना आणि आडवी केल्यावर, कुठल्या नद्यांवर जाता, वर्षातले कोणते महिने, आणि सगळ्यात मोठी अडचण कोणती, एकच. ‘एकच’ हा शब्द गाळू नका, नाहीतर प्रत्येक जण दहा तक्रारी लिहील आणि त्यातून काहीच निघणार नाही. किती जणांनी उत्तर दिलं आणि कोणाचं मत वेगळं होतं, हेही टिपून ठेवा. ‘आमच्या साठपैकी एवढ्यांनी उत्तर दिलं, त्यातल्या इतक्यांची पहिली अडचण खोली ही आहे,’ असं वाक्य बैठकीत टिकतं. ‘सगळे बोटवाले नाराज आहेत’ हे टिकत नाही.

आता गाळ. तुमच्या पत्रातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि तो सिद्ध करणं क्लबच्या आवाक्यातलं आहे.

आधी अथॉरिटीकडे लेखी माहिती मागा. पाण्याची खोली, गाळ, ड्रेजिंग ही पर्यावरणविषयक माहिती असल्यामुळे ती 2004 च्या ‘एन्व्हायर्न्मेंटल इन्फर्मेशन रेग्युलेशन्स’खाली मागता येते आणि उत्तर साधारणपणे 20 कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. प्रश्न मोघम नको. या पट्ट्यासाठी ठरवलेली खोली किती, शेवटचं सर्वेक्षण केव्हा झालं आणि त्याचे आकडे काय, गेल्या पाच वर्षांत इथून किती घनमीटर गाळ काढला, पुढचं काम कोणत्या वर्षी धरलंय, असे चार प्रश्न पुरेत. अथॉरिटी वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी खोलीचं लक्ष्य ठरवते. तुमची तक्रार त्या लक्ष्याशी ताडून केली तरच तिला वजन येतं.

मग स्वतः मोजा. ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या सोनार यंत्रावर भिस्त ठेवू नका, वनस्पतींच्या शेंड्यांवरून लहर परतली की तो उथळ आकडा दाखवतो. दोरीला बांधलेलं वजन मऊ गाळात रुततं आणि खोली जास्त दाखवतं. त्यापेक्षा तीन मीटरची सरळ काठी घ्या, तिच्यावर दर 5 सेंटिमीटरला खूण करा आणि टोकाला 15 ते 20 सेंटिमीटर व्यासाची चपटी थाळी बसवा. काठी सावकाश सोडायची. थाळी गाळाच्या माथ्यावर थबकली की तो पहिला आकडा. मग थाळी काढून तीच काठी घट्ट तळ लागेपर्यंत दाबायची, तो दुसरा. दोन्हींतला फरक म्हणजे गाळाचा थर. बोट अडते ती पहिल्या आकड्यामुळे, आणि गाळ किती उपसावा लागेल याचा अंदाज देतो तो दुसरा. खुणांनी आखलेल्या मार्गावर दर 50 मीटरला तीन ठिकाणी मोजा : मधोमध आणि दोन्ही कडांना. लहान डिंगीत दोघं बसा, एकानं काठी धरायची, दुसऱ्यानं लिहायचं. वारा पडलेला दिवस निवडा. लव्हाळ्यात शिरू नका, घरट्यांच्या दिवसांत तर मुळीच नाही.

पाण्याची पातळी टिपायला लोक विसरतात, आणि त्यामुळे सगळी मेहनत वाया जाते. हिकलिंगला भरती-ओहोटीचा फरक थोडा असतो, पण पाऊस, वारा आणि उत्तर समुद्राची उधाणं यांनी पातळी बरीच खालीवर होते. म्हणून प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी एकाच स्थिर मोजपट्टीवरची पातळी, तारीख आणि वेळ लिहा. पातळीशिवायचा खोलीचा आकडा अधिकारी पहिल्या मिनिटाला बाजूला सारतील, आणि ते योग्यच असेल. वेगवेगळ्या पातळ्यांना तीन फेऱ्या करा, पुढच्या हिवाळ्यात त्याच रेषांवर पुन्हा. सोबत एक वही ठेवा : कोणती बोट, बूड किती, कुठे टेकली, केव्हा, पातळी काय.

ड्रेजिंग मागताना ‘गाळ टाकायचा कुठे’ हा प्रश्न तुम्हीच आधी हाताळा, कारण काम बहुतेक वेळा तिथेच अडतं. उपसलेला चिखल काठावर कुठेही पसरता येत नाही. त्यासाठी जागा, जमीनमालकाची संमती आणि परवानग्या लागतात. हिकलिंगवरच याचं चांगलं उदाहरण आहे : युरोपीय निधीच्या ‘कॅनेप’ प्रकल्पात गाळ उपसून त्यातूनच झिजलेल्या काठाला लव्हाळ्याची नवी जागा तयार केली. बोटींना खोली मिळाली, पक्ष्यांना अधिवास. बार्टन ब्रॉडमधून 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 2001 पर्यंत सुमारे 3 लाख घनमीटर गाळ काढला, तो मुख्यतः पाणी स्वच्छ व्हावं म्हणून. खोलीचा फायदा शिडाच्या बोटींनाही झाला. तुमच्या निवेदनात हीच वाट धरा. अप्पर थर्न भागात, म्हणजे हिकलिंगच्या परिसरात, आणखी एक अडचण आहे, ‘प्रिम्नेसियम’ नावाच्या सूक्ष्म शैवालाची. त्याच्या विषानं मासे मोठ्या प्रमाणावर मरतात, म्हणून तिथे गाळ ढवळण्याबाबत सगळेच जपून असतात. थंडीतलं काम तुम्ही स्वतःहून सुचवलंत आणि गळ टाकणाऱ्या मंडळींशी आधी बोललात, तर बैठकीत विरोध करणारा एक मोठा गट कमी होतो.

पाणवनस्पतींबद्दल सभासदांचा राग समजण्यासारखा आहे. सेंटरबोर्डाला झुपके गुंडाळले की सुकाणू ऐकत नाही आणि स्पर्धा जागीच थांबते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस हिकलिंगवर याच कारणानं मोठा वाद झाला होता. पण तिथल्या स्टोनवर्ट वनस्पती तळाचा गाळ धरून ठेवतात आणि पाणी नितळ ठेवतात. त्या गेल्या की पोषकद्रव्यं तरंगत्या शैवालाला मिळतात, पाणी हिरवं-गढूळ होतं, तळ मोकळा होतो आणि गाळ इकडून तिकडे सरकत राहतो. म्हणजे सरसकट कापणी मागून तुम्ही दहा वर्षांनी स्वतःचंच नुकसान कराल. आखलेल्या मार्गाची पुरेशी रुंदी आणि क्लबच्या धक्क्यापासून त्या मार्गापर्यंतची वाट, एवढंच मागा. रुंदी मीटरमध्ये सांगा, आणि का तेही : शिडाची बोट वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाते, तिला मोटरबोटीपेक्षा जास्त रुंदी लागते. न सेलिंग करणाऱ्या सदस्याला ही गोष्ट ठाऊक नसते. त्याच्यासाठी नकाशावर त्या वळणांची रेघ काढून दाखवा.

टोलबद्दल बोलताना वेळ चुकवू नका. टोलचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. लोकांना वाढ जाणवते ती बिल हातात पडल्यावर, आणि तोवर निर्णय होऊन गेलेला असतो. दरांची चर्चा आदल्या शरद ऋतूत आधी नेव्हिगेशन कमिटीपुढे आणि मग पूर्ण अथॉरिटीपुढे होते. तुमचं निवेदन सप्टेंबरअखेर तयार हवं.

त्यात ‘टोल कमी करा’ एवढंच लिहिलंत तर उत्तर ठरलेलं आहे : मग कोणतं काम बंद करू? खरा प्रश्न वेगळा आहे. अथॉरिटीकडे पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो, सरकारच्या पर्यावरण खात्याचं (डेफ्रा) अनुदान आणि बोटींचा टोल. टोलचा पैसा नौकानयनासाठीच वापरायचा असतो. पण कार्यालय, संगणक, रेंजर, वाहनं, वरिष्ठांचे पगार हा खर्च दोन्ही बाजूंना सामायिक आहे, आणि तो एका ठरावीक प्रमाणात वाटला जातो. ते प्रमाण कशावरून ठरलं, केव्हा तपासलं आणि अनुदान घटलं की कोणती कामं टोलच्या बाजूला सरकली, हे विचारा. अंदाजपत्रकाचे गेल्या पाच वर्षांचे कागद शेजारी शेजारी ठेवून एकेक ओळ पाहिली की वाटणीतला बदल दिसतो. शिवाय 2014 च्या ‘लोकल ऑडिट अँड अकाउंटेबिलिटी ॲक्ट’नुसार दर वर्षी 30 कामकाजाचे दिवस हिशेब पाहण्यासाठी खुले असतात. त्या मुदतीत संबंधित व्यक्तीला बिलं, करार, पावत्या पाहता येतात. तारखा अथॉरिटीच जाहीर करते. क्लबात एखादा हिशेबनीस असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवा.

एक सावधगिरी : ‘आमचा टोल कमी करून भाड्याच्या बोटींचा वाढवा’ असं मुळीच लिहू नका. त्या बोटी आधीच खासगी बोटींपेक्षा चढ्या दरानं टोल भरतात. त्या कमी झाल्या तर तो बोजा तुमच्यावरच येतो, आणि ड्रेजिंग व पुलांच्या प्रश्नावर भाड्याच्या बोटींचे मालक तुमचे नैसर्गिक साथीदार आहेत.

बंद झालेल्या जागेचं म्हणाल, तर अथॉरिटीची 24 तासांची फुकट मूरिंगं (बोट बांधायच्या जागा) बऱ्याच ठिकाणी जमीनमालकाकडून भाडेपट्ट्यानं घेतलेली असतात. पट्टा संपला, मालकानं भाडं वाढवलं किंवा काठाला आधार देणारं पाइलिंग कुजलं की जागा जाते. पाटी निघाल्यावर ओरड करून ती परत मिळणं अवघड. म्हणून कोणते पट्टे येत्या तीन वर्षांत संपताहेत ही यादी आत्ताच मागा आणि त्यातल्या दोन-तीन जागांसाठी आधीच बोला. एखाद्या जागेची गरज सोयीपेक्षा सुरक्षिततेसाठी जास्त असेल, उदाहरणार्थ पुलाअलीकडे डोलकाठी उतरवायला थांबण्याची जागा, तर तिचा मुद्दा पहिला ठेवा. ब्रॉड्सच्या हद्दीत नियोजनाचे अधिकारही अथॉरिटीकडेच आहेत. बोटयार्डाच्या जागी घरं बांधायचा अर्ज आला तर त्यावर हरकत नोंदवायला विसरू नका. बोटयार्ड गेलं की बोट बाहेर काढायची, दुरुस्तीची, हिवाळ्यात ठेवायची सोय कायमची जाते.

पुलांबद्दल थोडक्यात. तुमच्या सभासदांपैकी कोणी दक्षिणेच्या नद्यांवर जात असतील तर रीडहॅम, सॉमरलेटन आणि ट्राउस इथले रेल्वेचे फिरते पूल किती वेळा उघडले नाहीत याची नोंद ठेवायला सांगा : तारीख, विनंती केल्याची वेळ, मिळालेलं उत्तर, किती वेळ थांबावं लागलं. डिसेंबर 2023 पासून सार्वजनिक संस्थांवरचं बंधन कडक झालं आहे. ब्रॉड्सच्या उद्दिष्टांकडे नुसतं लक्ष देऊन भागत नाही, ती पुढे नेण्याचा प्रयत्न करावा लागतो, आणि नौकानयन हे त्यांतलंच एक उद्दिष्ट आहे. रेल्वेला किंवा एन्व्हायर्न्मेंट एजन्सीला पत्र लिहाल तेव्हा 1988 च्या कायद्याच्या 17ए कलमाचा उल्लेख जरूर करा.

हे सगळं एकट्यानं ओढू नका. खासगी बोटमालकांसाठी ‘नॉरफोक अँड सफोक बोटिंग असोसिएशन’ आहे. तुमचा क्लब तिचा सभासद आहे का ते पाहा, नसेल तर व्हा. तुमच्या मोजणीचे आकडे त्यांच्याकडे गेले की ते एका क्लबची तक्रार राहत नाहीत. देशपातळीवरच्या प्रश्नांना ‘रॉयल यॉटिंग असोसिएशन’ आहे. आणि हिकलिंगपुरतं तरी, निवेदन पाठवण्याआधी ‘नॉरफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट’च्या लोकांना नकाशा घेऊन भेटा. तिथल्या अभयारण्याचे ते मालक आहेत. त्यांची हरकत बैठकीत पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा चहावर ऐकलेली बरी.

निवेदन दोन पानांपलीकडे जाऊ देऊ नका. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोणाच्या वतीनं बोलताय आणि मतं कशी गोळा केली. दुसऱ्यात अथॉरिटीच्या मसुद्यातल्या कोणत्या गोष्टींना तुमचा पाठिंबा आहे. हा परिच्छेद बहुतेक बोटवाले लिहीतच नाहीत, आणि मग त्यांची प्रत्येक हरकत सवयीची वाटते. त्यानंतर एक किंवा दोन मागण्या, प्रत्येकीखाली आकडे, कलम आणि तुम्हाला हवं असलेलं पर्यायी वाक्य तयार स्वरूपात, म्हणजे अधिकाऱ्याला ते उचलून मसुद्यात ठेवता येईल. बैठकीत प्रश्न विचारायचा असेल तर तो आधी लेखी द्यावा लागतो. मुदत त्या बैठकीच्या सूचनेत पाहा. प्रश्न एकच आणि आकड्यांत किंवा तारखेत उत्तर द्यावं लागेल असा हवा. ‘हिकलिंगकडे दुर्लक्ष का?’ याचं उत्तर भाषणानं देता येतं. ‘या पट्ट्याची मोजलेली खोली ठरवलेल्या खोलीपेक्षा कमी आहे, तर काम कोणत्या आर्थिक वर्षात होईल?’ याचं देता येत नाही.

राहिला नेव्हिगेशन कमिटीचा प्रश्न. ही समिती कायद्यानंच नेमायची असते. तिच्यात 13 सदस्य असतात, 8 बाहेरून घेतलेले आणि 5 अथॉरिटीचे. बाहेरचे सदस्य निवडताना वेगवेगळ्या बोटवापरकर्त्यांच्या संस्थांचा सल्ला घेतला जातो, आणि त्यांच्यापैकी दोघं 21 जणांच्या पूर्ण अथॉरिटीवरही बसतात. समिती सल्ला देते, अंतिम निर्णय अथॉरिटीचा. आणि एकदा सदस्य झालात की तुम्ही क्लबचे वकील राहत नाही : आचारसंहिता लागू होते, हितसंबंध जाहीर करावे लागतात, सगळ्या जलमार्गाचा विचार करून मत द्यावं लागतं. तुमच्या स्वतःच्या धक्क्याचा विषय आला तर कदाचित बैठकीबाहेरही जावं लागेल. म्हणून यंदा अर्ज करू नका. यंदा खोली मोजा, टोलचे कागद वाचा आणि कमिटीच्या बैठका नुसत्या बसून ऐका, त्या लोकांसाठी खुल्या असतात. पुढे कमिटीवरच्या जागा भरायची जाहिरात निघाली की अर्ज करा, आणि त्याच दिवशी क्लबची बाजू मांडण्याचं काम दुसऱ्या कोणाकडे द्या. तो माणूस आत्तापासूनच काठी धरायला डिंगीत बरोबर घ्या.